झिपरूच्या पोरी

आमली, सिल्वासा
२ एप्रिल १९८९

ताई,

नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासू-सासऱ्यांना माझ्या वतीनं तूच सांग. मला आज फक्त कामाचं लिहायचं आहे आणि डोकं ठिकाणावर नाही.

दीड वर्षापूर्वी तू झिपरूला चिठ्ठी देऊन माझ्याकडं पाठवलंस. 'माणूस खात्रीचा आहे, कुठंतरी चिकटव,' एवढंच लिहिलं होतंस. मी कारण विचारलं नाही. राखोलीच्या आमच्या धाग्याच्या कंपनीत त्याला वॉचमन म्हणून लावला. स्टोअरबरोबर वॉचमन लोकही माझ्याच हाताखाली, त्यामुळं अडचण आली नाही. पन्नाशीचा माणूस, बिडी नाही, दारू नाही, पाळीला कधी उशीर नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, इतका सरळ माणूस असतो का कुठं!

आमची जागा एका बाजूनं डोंगराकडच्या नाल्याला लागून आहे आणि दुसऱ्या बाजूनं दमणगंगेला. दोन्हीकडं काटेरी तारेचं पाच पदरी कुंपण. काल फेरी मारताना बघतो तर नाल्याकडच्या वीसेक खांबांमध्ये सगळ्यात खालचा पदरच नाही. धावत नदीकडं गेलो, तिथंही तेच. तार तोडलेली नाही, नीट सोडवून काढलेली आहे. चोर इतक्या फुरसतीनं काम करत नाही, ताई. हे आतल्या माणसाचं काम. आणि त्या दोन्ही बाजू झिपरूच्या पहाऱ्यात येतात.

खालून माणूस सरपटत आत येईल आणि धाग्याच्या पेट्या घेऊन जाईल. मी अजून वर कळवलेलं नाही. आमचे मॅनेजर जयवंत साहेब कोकणातले, बोलायला गोड, पण पहिलं विचारतील ते हेच, की हा माणूस आणला कोणी? तू खरं काय ते लिही. हा झिपरू गाव सोडून का आला?

गोकुळ


पिंपळखेडे
९ एप्रिल १९८९

गोकुळ,

तुझं पत्र वाचलं आणि हसू आलं. लहानपणी आईनं दिलेला लाडूसुद्धा तू आधी फोडून आत काय आहे ते बघायचास, मग खायचास. तीच तुझी खोड.

झिपरू आमच्या शेतावर नऊ वर्षं राखणदार होता. त्याच्या हातून काडी इकडची तिकडं झाली नाही. गाव का सोडलं म्हणून विचारतोस. गावात काम राहिलं नाही की माणसं सोडतातच. तू नाही का सोडलंस?

तार त्यानं काढली असेल तर काही कारण असेल. त्याला बाजूला घेऊन शांतपणे विचार. चार माणसांत विचारू नकोस, चार माणसांत त्याला बोलता येत नाही. एवढं माझं ऐक.

माझ्या भाचीला, रोशनीला आशीर्वाद. यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तिला घेऊन ये. दोन वर्षं झाली, माझ्या झोक्याला कोणी हात लावलेला नाही. गौराई मांडायची ती काय मी एकटीनं?

ताई


आमली
१८ एप्रिल १९८९

ताई,

झोका राहू दे बाजूला. तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस.

तू सांगितलंस म्हणून त्याला बाजूला घेऊन विचारलं, तार कुठं आहे? म्हणाला, 'ठेयेल शे. पाऊस पडना का परत लाई देसू.' ठेवली आहे म्हणे, पाऊस पडला की परत लावणार! चोरानं असं उत्तर दिलेलं तू कधी ऐकलं आहेस का? मी पुढं विचारलं, कशासाठी काढलीस? तर खाली मान. तासभर उभा केला, शेवटी पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

पुढचं ऐक. राहिलेल्या वरच्या तारेला आता पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या आहेत. धोतर फाडून केलेल्या, दर चार पावलांवर एक. नदीपलीकडून स्पष्ट दिसतात. कोणाला तरी खूण आहे ही, की इथून आत या. मी त्या सोडल्या नाहीत, म्हटलं बघू कोण येतं ते.

आणि सगळ्यात वाईट राहिलंच आहे. दुसऱ्या पाळीचा वॉचमन ललित, दादऱ्याचा, तो मला म्हणाला, 'साहब, झिपरूकाका बोलता है, लड़कियाँ आने वाली हैं, रास्ता खोल के रखना है.' मी त्याला दमात घेतलं, पण तो देवाची शपथ घेऊन सांगतो. ताई, आमच्या कंपनीत बायका कामाला आहेत. असली गोष्ट बाहेर गेली तर माझं काय होईल?

शेवटचं. तुमच्या शेजारच्या गावचा भिका इथं मशीनवर आहे. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, झिपरू होय? त्याला तर गावात 'तारचोर' म्हणतात, तुमच्या ताईच्या सासऱ्यांचीच तार तोडताना धरला होता. हे तुझ्याच घरातलं आहे आणि मला भिकाकडून कळावं? सख्ख्या भावाच्या गळ्यात चोर बांधताना तुला काहीच वाटलं नाही का?

गोकुळ


पिंपळखेडे
२५ एप्रिल १९८९

गोकुळ,

गावात त्याला तसं म्हणतात हे खरं आहे. तो तसा नाही हेही खरं आहे. कसं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हे पत्र टाकायला दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. भेटलास की सांगेन.

त्या पोरींचं वाचून मात्र मीही घाबरले. पुतळाबाई, त्याची बायको, इथंच गावात आहे, पण आठ दिवस झाले, भाचीच्या लग्नाला गेली आहे. ती आली की तिला विचारते. तोवर थांब. त्यानं नेमके कोणते शब्द उच्चारले ते तरी मला कळव. ललितचे नकोत, त्याचे स्वतःचे.

माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण त्याला काढू नकोस.

ताई


पिंपळखेडे
२ मे १९८९

गोकुळ,

हे पत्र मी स्वतः शिरपूरला जाऊन टाकते आहे. आता सगळं लिहिते.

पुतळाबाई काल आली. मी भीत भीत विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, 'वं माय, त्या हरनी!' इथं असतानाही तो त्यांना पोरीच म्हणायचा. उन्हाळ्यात डोंगरातलं पाणी आटलं की हरणांच्या माद्या खाली पाण्याला उतरतात, आखाजीच्या सुमारास. आपल्याकडं त्याच दिवसांत लेकी माहेरी येतात. पाऊस पडला की त्या परत डोंगरात जातात, लेकी सासरी जातात तशा. तो स्वतःला त्यांचा मुराळी म्हणवतो, लेकीला आणायला जातो तो. तुमच्या कंपनीच्या जागेतूनच त्यांची वाट असणार. खालची तार काढली म्हणजे हरणं खालून जातात. चिंध्या एवढ्यासाठी, की धावत येणाऱ्या हरणाला तार दुरून दिसावी. तुझे चोर ते एवढेच.

आता माझं. सहा वर्षांपूर्वी मामंजींनी केळीच्या शेताला काटेरी तार लावली. एका सकाळी त्यात एक हरणी अडकली. मी विहिरीवर होते. झिपरू धावत आला आणि कोयत्यानं तार तोडून त्यानं तिला सोडवलं. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. ती गेल्यावर मामंजी आले. त्यांना दिसली ती तुटलेली तार आणि झिपरूच्या हातातला कोयता. चावडीवर पंच बसले. तो म्हणाला, हरणासाठी तोडली. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, मग बोलव तुझ्या हरणीला साक्षीला. मी बायकांमध्ये उभी होते. मामंजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी पदर पुढं ओढला आणि गप्प राहिले.

तेव्हापासून त्याचं नाव तारचोर. एकदा खरं बोलून त्यानं बघितलेलं आहे, गोकुळ. म्हणून आता तो तुला खरं सांगत नाही. मी त्याला तुझ्याकडं पाठवलं ते त्याच्यासाठी नव्हे. तो रोज दारावरून जायचा आणि मला ते बघवत नव्हतं.

मी वाईट वागले. हे वाच आणि लगेच त्याच्याकडं जा.

ताई


आमली
३ मे १९८९

ताई,

तुझ्या 'भेटलास की सांगेन'ची वाट बघत बसलो असतो तर नोकरी गेली असती. झिपरूला काल काढला. आज त्याला शिरपूरच्या एसटीत बसवून दिला.

झालं असं की ललितनं परस्पर जयवंत साहेबांच्या कानावर घातलं. साहेब मला घेऊन झिपरूच्या खोलीत गेले. खाटेखाली तारेची भेंडोळी निघाली, नीट गुंडाळून पोत्यात घातलेली. मग केबिनमध्ये सगळ्यांसमोर त्याला उभा केला. साहेबांनी विचारलं, पोरी येतात हे खरं का? हा सरळ म्हणाला, 'येतीस. आखाजीले येतीस. मीच त्यासले मजार लेस.' मीच त्यांना आत घेतो म्हणे! सणासुदीचं तरी भान ठेवावं माणसानं! मला शरमेनं मान वर करता येईना. आपल्याकडचा माणूस, आपली बोली, आणि हे ऐकायचं?

साहेब पोलिसांना बोलावणार होते. मी हातापाया पडलो म्हणून तेवढं टळलं. तुझ्यासाठी केलं ते, त्याच्यासाठी नाही.

खालचा पदर मी उभं राहून परत लावून घेतला. वर आणखी एक पदर चढवला, सगळ्या तारा ताणून घेतल्या. चिंध्या काढून जाळल्या. आता मांजर आत येणार नाही.

जाताना तो मला एवढंच म्हणाला, 'चार दिन तरी थांबी जातात.' चार दिवस तरी थांबायचं होतं म्हणे! मी एसटीचं दार लावून घेतलं.

गोकुळ


आमली
९ मे १९८९

ताई,

तुझं दोन तारखेचं पत्र काल दुपारी पोचलं. सकाळी पोचलं असतं तरी उपयोग नव्हता.

काल आखाजी. उजाडताना ललित बोलवायला आला, नाल्याकडच्या तारेत काहीतरी अडकलंय म्हणाला. मला वाटलं, चोर सापडला. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. जाऊन बघतो तर हरणी. ठिपक्यांची. खालून जायला जागा नाही म्हणून तिनं वरून उडी घेतली होती आणि मागचा एक पाय वरच्या दोन तारांत पीळ पडून अडकला होता. ती उलटी लटकत होती आणि तोंड जमिनीला घासत होतं. बाकीच्या तीन नाल्यापलीकडं उभ्या होत्या. आम्ही गेलो तरी त्या पळाल्या नाहीत.

मी स्टोअर उघडून पक्कड आणली. वरची तार मीच इतकी ताणून घेतली होती की तोडायला दोघांचा जोर लागला. तोडल्यावर ती खाली पडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, ललितनं पाणी आणलं. थोडा वेळ श्वास चालू होता. मग थांबला.

ललित रडला, ताई. मी रडलो नाही, मला रडायचा हक्क कुठं होता? मी खानदेशचा, मला आखाजी म्हणजे काय ते ठाऊक, लेकी कधी येतात ते ठाऊक, आणि माझ्याच बोलीत सांगितलेलं मला कळलं नाही. ललितला नाही कळलं, साहेबांना नाही कळलं, त्यांचं ठीक आहे.

दुपारी तुझं पत्र वाचलं आणि ते तसंच साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. त्यांना अजून शंका आहे, की मी आणि झिपरू मिळून काहीतरी करत होतो आणि हे पत्र रचलेलं आहे. शेवटी म्हणाले, 'कुंपण हवं तसं कर. पण लिहून दे, चोरी झाली तर जबाबदार तू.' मी लिहून दिलं.

आता दोन्ही बाजूंचा खालचा पदर कायमचा काढतो आहे. त्याच्या वरचा दीड हातावर ठेवून बिनकाट्याचा करतो. मी चढवलेला वरचा पदर गेलाच, त्याच्याखालचाही थोडा खाली घेऊन साधी तार लावतो, म्हणजे दोन तारांत पाय अडकणार नाही. पण अंतर किती ठेवायचं, चिंध्या कुठं बांधायच्या, हे मला कळत नाही. ते त्यालाच कळतं. त्याला परत पाठव. माझ्या वतीनं त्याची माफी माग. ती मागायला मी स्वतः यायला हवं, पण माझे पाय उचलत नाहीत.

गोकुळ


पिंपळखेडे
१७ मे १९८९

गोकुळ,

रविवारी मी चावडीवर गेले. ग्रामपंचायतीची सभा होती, मामंजी पुढं बसले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, सहा वर्षांपूर्वी केळीच्या शेतात हरणी अडकली होती, ती मी बघितली होती, झिपरूनं तार तिच्यासाठी तोडली. एवढंच बोलले. कोणी हसलं नाही. एकानं मात्र विचारलं, मग इतके दिवस कुठं होतीस? मामंजी उठून गेले. तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. सासूबाई म्हणतात, बाहेरच्या माणसासाठी घराचं नाक कापलंस, नक्की काय आहे तुझ्या मनात? आता माझ्यावर पाळत आहे. हेही भोगते.

तिथून तशीच झिपरूकडं गेले. पुतळाबाईनं घोंगडी टाकली, मी बसले. तुझी माफी सांगितली, माझी मागितली. त्यानं नुसती मान हलवली. मग त्यानं विचारलं, 'मन्ह्या पोरी उन्यात का? तारले काही लागनं नही ना?'

गोकुळ, माझ्याच्यानं सांगवलं नाही. मी म्हटलं, आल्या. एक अडकली होती, गोकुळनं वेळेवर सोडवली. पळत गेली पाण्याकडं.

चावडीवर खरं बोलून आले आणि तासाभरात हे. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला पटलं की नाही, कोण जाणे. सोमवारी तो एसटीनं निघतो आहे. आल्या आल्या तुला तेच विचारेल. मी सांगितलं तेच तू सांग. निदान एवढं माझ्यासाठी कर.

ताई


आमली
२४ मे १९८९

ताई,

झिपरू परवा आला. मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. वाटेत काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं, पण त्यानं काहीच विचारलं नाही. पुतळाबाईनं दिलेली भाकरी खोलीत ठेवली आणि सरळ नाल्याकडं निघाला. मी मागं मागं.

तो एकेक खांब बघत चालला होता. मी लावलेली साधी तार हातानं दाबून बघितली, खालचं अंतर वितीनं मोजलं आणि म्हणाला, आणखी चार बोटं वर घ्या. मग नेमका त्याच खांबाशी थांबला. मी तिथली तार बदलली होती, माती सारखी केली होती, कोणाला काही कळलं नसतं. तो खाली बसला. खांबाच्या खरखरीत सिमेंटला तीन-चार केस चिकटलेले होते. ते त्यानं बोटांनी सोडवले आणि खिशात ठेवले.

मी म्हटलं, 'झिपरूदादा, ती पळत गेली...'

तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या साहेब. माले ताईना तोंडवरथीन तवयच समजनं व्हतं. तिले लिखा. तवय पंचसमोर मन्हासाठे तिना तोंडथून खरं निंघनं नही. आते मन्हासाठे ती खोटं बोलनी. मन्ही काही तक्रार नही.'

मग तो उठला आणि त्यानं माझ्याकडं पक्कड मागितली.

गोकुळ